चेंडू उडाला की पळायचं नसतं: खानदेशातल्या एका बेसबॉल संघाच्या बेस रनिंगचा प्रकरण अभ्यास

शेवटची इनिंग, संघ एका रनने मागे, एक आउट झालेला (तीन आउट झाले की इनिंग संपते). तिसऱ्या बेसवर संघातला सगळ्यांत वेगवान मुलगा, पहिल्या बेसवर आणखी एक. बॅटरने सेंटर फिल्डकडे चेंडू उंच उडवला, चांगला खोल. मैदानाच्या कडेला दाटीवाटीने उभी असलेली पोरं एका सुरात ओरडली, "पय रे भाऊ, पय!" आणि तिसऱ्या बेसवरचा मुलगा सुटला. होम प्लेट, म्हणजे जिथे पोचलं की रन होतो ती जागा, ओलांडून त्याने हात वर केले तोवर सेंटर फिल्डरने झेल घेतला होता. आता तिसऱ्या बेसला पुन्हा पाय लावल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. हे त्याच्या लक्षात येऊन तो वळेपर्यंत चेंडू शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या, हातातून तिसऱ्या बेसवर गेला. एका चेंडूवर दोन आउट. इनिंग संपली, सामनाही संपला.

तो बेसवर पाय ठेवून झेलाची वाट पाहत थांबला असता आणि झेल घेताच निघाला असता, तर बरोबरीचा रन नक्की होता. चेंडू इतका लांब गेला होता की घाई करायचीही गरज नव्हती.

हा संघ तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाचा. तिथले क्रीडाशिक्षक माझे जुने स्नेही. दिवाळीनंतर मी त्यांच्या सरावाला मदत करायला जाऊ लागलो, तेव्हा या सामन्याची चर्चा अजून चालूच होती. सगळ्यांचा निकाल एकच: पोरानं घाई केली, डोकं वापरलं नाही. मला तसं वाटत नव्हतं. त्याने डोकं वापरलं होतं, फक्त ते क्रिकेटचं होतं.

क्रिकेटमध्ये उंच उडालेल्या चेंडूवर पळणं हेच शहाणपण असतं. झेल सुटला तर रन पदरात, आणि झेल घेतला गेला तर फलंदाज बाद, चेंडू डेड. पळणाऱ्या जोडीदाराचं काहीच बिघडत नाही. बेसबॉलमध्ये याच्या बरोब्बर उलट. झेल घेतल्यावर चेंडू जिवंतच राहतो आणि बेसवरच्या धावपटूंसाठी खेळ तिथूनच सुरू होतो. जो मुलगा लहानपणापासून गल्लीत, शेतात, शाळेमागच्या पडीक जागेत क्रिकेट खेळत आला, त्याच्या पायांना हे आपोआप कसं कळावं? वर कुंपणावरची पोरंही क्रिकेटचीच. ओरडली तीही त्याच हिशोबाने.

त्यामुळे वेग कसा वाढवायचा हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. कुठला मुलगा कुठल्या खेळातून आला आहे आणि त्या खेळाची कोणती सवय बेसवर त्याला गोत्यात आणते, हे आधी शोधायचं ठरलं.

पोरं आली कुठून

खानदेशात कुणी बेसबॉलमध्ये जन्माला येत नाही. या संघात तीन वाटांनी मुलं आली होती. बहुतेक क्रिकेटची. काही खो-खोची, त्यातली दोन तर चांगल्या दर्जाची. आणि काही सॉफ्टबॉलची, कारण जळगावकडे सॉफ्टबॉल बऱ्याच वर्षांपासून रुजलेला आहे आणि शाळेत तो खेळलेली मुलं कॉलेजात आली की बेसबॉलच्या संघात नाव देतात.

क्रिकेटवाल्यांचं झेलाचं दुखणं वर आलंच. दुसरं दुखणं पहिल्या बेसवर. क्रिकेटमध्ये एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत ५८ फूट, म्हणजे १७.६८ मीटर पळायचं, शेवटी वाकून बॅट टेकवायची आणि लगेच वळायचं. बेसबॉलमध्ये होम प्लेट ते पहिला बेस ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. आणि तिथे थांबायचं नसतं. बॅटर पहिल्या बेसवरून सरळ पुढे पळत गेला तरी चालतं, दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न न करता तो लगेच परत आला की त्याला टॅग करून, म्हणजे अंगाला चेंडू लावून, बाद करता येत नाही. ही सवलत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसला नाही. आमची क्रिकेटची मुलं मात्र बेस जवळ आला की वेग कमी करायची, मान वळवून चेंडू कुठे आहे ते बघायची आणि शेवटच्या पावलाला बॅट लांबवावी तसा पाय लांबवायची. कधी उडीच मारायची. उडी मारणारा हवेत असतो तेवढा वेळ त्याला वेग वाढवता येत नाही, आणि ताणलेल्या पायाची मागची नस धरते ती वेगळीच.

दोघं तर बॅट हातात घेऊनच पळायचे.

सॉफ्टबॉलची मुलं नियम जाणून होती, बेसवर शांत असायची. पण सॉफ्टबॉलचा बेस ६० फुटांवर, आणि पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातातून चेंडू सुटेपर्यंत तिथे बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये धावपटू आधीच चार पावलं पुढे जाऊन उभा राहतो, त्याला लीड म्हणतात. या मुलांना बेसवरून पाय उचलायलाच भीती वाटायची. आणखी एक बारीक गोष्ट. सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसला जोडून बाहेरच्या बाजूला धावपटूसाठी रंगीत जादा बेस असतो, टक्कर टाळण्यासाठी. तो डोळ्यांत बसलेला असल्यामुळे ही मुलं पहिल्या बेसच्या उजव्या कडेला पाय टाकायला जायची आणि एखाद्या वेळी बेस चुकायचीच.

खो-खोवाल्यांची गोष्ट सगळ्यांत मजेशीर. साखळी खेळलेला मुलगा दोन बेसच्या मध्ये अडकला, म्हणजे रनडाउनमध्ये सापडला, की प्रेक्षकांना पर्वणी. काय हुलकावण्या, काय वळणं! पण खो-खोत बांधलेला असतो तो पाठलाग करणारा. त्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही, आणि पळणारा मोकळा असतो. बेसबॉलमध्ये बांधलेला असतो पळणारा. फिल्डर टॅग करायला आला त्या क्षणी धावपटू जिथे असेल तिथून बेसपर्यंतची सरळ रेषा हा त्याचा रस्ता. टॅग चुकवायला तो त्या रेषेपासून ३ फुटांहून जास्त बाजूला गेला, की कुणी हात न लावताही आउट. आमच्या खो-खोवाल्याला अंपायरने असं बाद दिलं तेव्हा तो बराच वेळ मैदानावर उभा राहून विचारत होता, "मला शिवलं कुणी?"

सरावात काय बदललं

आपल्याकडच्या बहुतेक संघांत बेस रनिंग म्हणजे सराव संपताना मारायच्या फेऱ्या. बॅटिंग झाली, फिल्डिंग झाली, आता चारही बेसला दोन चकरा मारा आणि घरी जा. त्यातून दम वाढतो, हे मान्य. पण त्यात चेंडू नसतो, आउट किती याचा हिशोब नसतो, झेल नसतो. निर्णय घ्यायची वेळच येत नाही. दमलेल्या पोरांनी रिकाम्या मैदानावर काढलेल्या फेऱ्यांतून बेस रनिंग येत असतं, तर लष्कर भरतीची तयारी करणारी आपल्याकडची निम्मी पोरं बेसबॉलपटू झाली असती.

सरांनी सगळ्यांत आधी वेळ बदलली. बेस रनिंग सरावाच्या सुरुवातीला आलं, पाय ताजे असताना. आणि चेंडूशिवाय पळणं जवळपास बंद झालं.

मुख्य सराव असा. फिल्डर आपापल्या जागी. तिन्ही बेसवर धावपटू. सर होम प्लेटजवळ उभे राहून स्वतः चेंडू उडवून बॅटने मारतात, कधी खोल, कधी उथळ, कधी जमिनीलगत, कधी फिल्डरच्या छातीच्या उंचीवर सरळ. प्रत्येक चेंडूआधी ते आउटची संख्या बदलतात. चेंडू मारण्यापूर्वी प्रत्येक धावपटूने तीन गोष्टी मोठ्याने बोलायच्या: आउट किती, मागच्या बेसवर कोण आहे का, आणि चेंडू आत्ता कुणाकडे आहे. पोरांनी दोन दिवसांत त्याची अहिराणी केली. "कितला गयात? मांगे कोन शे?" हे ओरडणं इतकं अंगवळणी पडलं की मैदानाबाहेर चहाच्या टपरीवरही ऐकू यायला लागलं.

मागे कोण आहे, हा प्रश्न क्रिकेटवाल्यांना सगळ्यांत अवघड गेला. मागचे सगळे बेस भरलेले असतील (पहिल्या बेसवरच्याच्या मागे तर बॅटर असतोच) आणि चेंडू जमिनीवर मारला गेला, तर पुढच्याला पळावंच लागतं, आणि त्याला बाद करायला फिल्डरने चेंडूसह नुसता पुढचा बेस शिवला तरी पुरतं. मागचा एखादा बेस रिकामा असेल तर पळायची सक्ती नाही, आणि बाद करायचं तर अंगाला चेंडू लावावा लागतो. हे फळ्यावर आकृत्या काढून समजावलं तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. बेसवर गेल्यावर निम्मे गोंधळले. सरांनी फळा आणणंच बंद केलं. चुकलेल्या मुलाला तिथल्या तिथे थांबवून फक्त विचारायचं, "मागे कोण होतं?" तो मागे वळून बघायचा आणि स्वतःच कपाळाला हात लावायचा.

उडालेल्या चेंडूचं गणित आम्ही आउटच्या संख्येवर बांधलं. दोन आउट असतील तर विचार करायचाच नाही, बॅटला लागला की पळा, कारण झेल घेतला गेला तर इनिंग तशीही संपणार. दोनपेक्षा कमी आउट असतील तर तिसऱ्या बेसवरच्याने आधी बेसवर परत यायचं आणि तिथे थांबायचं. पहिल्या बेसवरच्याने, झेल झाला तरी परत येता येईल इतकंच पुढे जाऊन उभं राहायचं. दुसऱ्या बेसवरचा चेंडूच्या खोलीवर आणि दिशेवर ठरवतो, उजवीकडे खोल गेला असेल तर परतून झेलाची वाट बघतो, कारण तिथून तिसऱ्या बेसवरचा थ्रो सगळ्यांत लांबचा. छातीच्या उंचीने सरळ गेलेल्या चेंडूवर सगळ्यांनी जागच्या जागी थबकायचं.

नियमातली एक बारकाई इथे फार उपयोगी पडली. धावपटूला चेंडू फिल्डरच्या ग्लोव्हला पहिल्यांदा लागतो त्या क्षणी निघता येतं. झेल पक्का होईपर्यंत थांबायची गरज नाही. हे कळल्यावर पोरांची नजर बदलली. ती आधी चेंडूकडे बघायची, आता फिल्डरच्या ग्लोव्हकडे आणि पायांकडे बघू लागली. फिल्डर मागे पळत झेल घेतोय की पुढे येत? मागे जाणाऱ्याला थांबून, वळून फेकावं लागतं. पुढे येणारा त्याच वेगात फेकतो. खोल किंवा उथळ यापेक्षाही हा फरक मोठा आहे, आणि तो फेऱ्या मारून कधीच कळला नसता.

वळण घेण्याचा सराव चेंडूशिवायच घ्यावा लागला. दोन बेसची हिट असेल तर पहिल्या बेसवर काटकोनात वळता येत नाही, वेग मरतो. बेसच्या चार-पाच मीटर आधी थोडं बाहेर जायचं, अंग आत झुकवायचं, बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय द्यायचा आणि दुसऱ्या बेसकडे सरळ निघायचं. एका शेतकऱ्याच्या पोराने ते ऐकून म्हटलं, "म्हणजे बांधाशी औत वळवतो तसं." त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बाकीच्यांसाठी मैदानावर फक्कीने वळणाची रेघ मारून ठेवली, आणि पहिल्या बेसच्या पुढे काही पावलांवर आणखी एक आडवी रेघ. साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत मारलेला चेंडू, असेल तर त्या आडव्या रेघेपर्यंत वेग कमी करायचा नाही. क्रिकेटवाल्यांचा लांबवलेला पाय या रेघेने बराचसा घालवला.

खो-खोवाल्यांसाठी दोन बेसच्या मध्ये ६ फूट रुंदीची गल्ली आखली. हुलकावणी द्यायची ती या गल्लीत. पहिल्या दिवशी दोघंही चिडले. मग त्यातल्या एकाला कळलं की बाजूला जाऊन नव्हे, तर वेग कमी-जास्त करून फिल्डरला चेंडू फेकायला लावता येतो. रनडाउनमध्ये जितके थ्रो जास्त तितकी फिल्डरची चूक व्हायची शक्यता जास्त. मग तर त्याला आवरणं अवघड झालं.

स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणं, हा भाग आम्ही अर्धाच करू शकलो. आपली काळी जमीन पावसाळ्यानंतर काही महिने बरी असते, पण उन्हाळा लागला की भेगाळते आणि दगडासारखी होते. तीवर घसरणं म्हणजे मांडीची साल काढून घेणं. म्हणून गवताच्या पट्ट्यावर ताडपत्री अंथरून, पाणी मारून, बूट काढून सराव घेतला. एक पाय दुमडलेला, दुसरा पुढे, बसकण मारल्यासारखं कुल्ल्यावर घसरायचं, हनुवटी छातीकडे, हात वर. खो-खोवाल्यांना सूर मारायची सवय, ते डोकं पुढे करूनच झेपावायचे. सरांनी पुढच्या बेसवर जाताना डोकं पुढे करून स्लाइड करायला पूर्ण बंदी घातली. मला ती योग्य वाटते. होम प्लेटवर कॅचरच्या, म्हणजे बॅटरच्या मागे बसलेल्या फिल्डरच्या, गुडघ्यांसमोर डोकं नेणं हा धाडसाचा नव्हे, बोटं आणि मानेचा प्रश्न आहे. मागच्या बेसवर परतताना मात्र सूर मारायची मुभा ठेवली. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये लहान मुलांसाठी साधारण असाच नियम आहे.

ओरडणाऱ्यांचं काय करायचं

"पय रे" ओरडणाऱ्या पोरांना गप्प करता येत नाही, आणि करूही नये. सामना बघायला येतात तीच मोठी गोष्ट. म्हणून आवाज हे माध्यमच बाद केलं. पहिल्या आणि तिसऱ्या बेसजवळ बेस कोच उभा राहतो, त्याने फक्त हाताने खुणा करायच्या. एक हात रहाटासारखा गोल फिरला की पुढे जा. दोन्ही हात वर, तळवे समोर म्हणजे थांब. दोन्ही तळवे खाली दाबले की स्लाइड. चेंडू धावपटूच्या पाठीमागे असेल, म्हणजे उजव्या फिल्डमध्ये असेल, तर धावपटूने मागे बघायचंच नाही, दुसऱ्या बेसच्या थोडं आधी मान उचलून तिसऱ्या बेसच्या कोचकडे बघायचं. चेंडू समोर असेल तर निर्णय त्याचा त्याने घ्यायचा.

तिसऱ्या बेसचा कोच म्हणून सरांनी घोट्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या मुलाला उभं केलं. संघात सगळ्यांत हळू पळणारा तोच. पण फिल्डरचा हात किती जोरकस आहे हे त्याला कुणाहीपेक्षा चांगलं कळायचं. सामन्याआधी विरुद्ध संघाचा सराव तो वहीत टिपून ठेवायचा: डाव्या फिल्डरचा थ्रो टप्पा पडून येतो, सेंटरवाला सरळ फेकतो. हे काम कमीपणाचं आहे असं सुरुवातीला त्यालाही वाटलं होतं, दोन सामन्यांनंतर वाटेनासं झालं.

पुढे काय झालं

त्या हंगामात पुढच्या सामन्यांमध्ये उंच झेलावर परत येऊन, बेसवरून निघून काढलेले रन दिसू लागले. पहिल्या बेसवर पाय लांबवणं जवळपास थांबलं. बॅट घेऊन पळणाऱ्या दोघांपैकी एकजण अजून कधीमधी तसा पळतो.

एका प्रसंगावर मात्र आमचं अजून एकमत नाही. तिसऱ्या बेसवर तोच वेगवान मुलगा, एक आउट, डाव्या फिल्डमध्ये मध्यम उंचीचा झेल. कोचने हात फिरवून जा म्हटलं. मुलगा हलला नाही. फिल्डर पुढे पळत येऊन झेल घेत होता आणि त्याचा हात चांगला होता, हे त्याने बघितलं. पुढच्या बॅटरच्या हिटवर तो आरामात घरी आला. सर म्हणतात, कोचची खूण मोडली, त्याला पुढच्या सामन्यात बसवा. माझं म्हणणं, चेंडू त्याच्या समोर होता, आणि समोरच्या चेंडूवर निर्णय त्याचा असं आपणच ठरवलं होतं. सरांनी त्याला बसवलं नाही, पण त्यांचं मत बदललेलं नाही.

उरलं लीड आणि स्टीलचं, म्हणजे चेंडू मारला जायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठण्याचं. वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये पिचर हालचाल सुरू करतो तिथपासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत साधारण १.३ ते १.५ सेकंद, आणि कॅचरकडून दुसऱ्या बेसवर पोचायला सुमारे २ सेकंद जातात. सगळा व्यवहार साडेतीन सेकंदांच्या आतबाहेर. आपल्या पातळीवर थोडा जास्त वेळ मिळतो, पण पहिलं पाऊल चुकलं की तो गेलाच. पकडलं जाण्याची लाज पोरांना फार वाटते, म्हणून त्यांना रिकी हेंडरसनचे आकडे सांगितले: मेजर लीगमध्ये १,४०६ बेस स्टील करण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे, आणि तोच माणूस स्टील करताना ३३५ वेळा पकडलाही गेला. चारात तीनदा जमत असेल तर धंदा फायद्याचा, निम्म्या वेळा जमत असेल तर बेसवरच उभं राहावं.

क्रिकेट आणि खो-खोवाल्यांनी लीड पटकन उचललं. उजव्या हाताच्या पिचरच्या मागच्या पायाची टाच बघायची, ती उचलली तर तो बेसकडे वळतोय, बेसवर परत या. आधी पुढचा पाय उचलला तर चेंडू होम प्लेटकडे जाणार. सॉफ्टबॉलच्या मुलांना हे सगळं तोंडपाठ आहे, तरी पिचरने नुसतं त्यांच्याकडे बघितलं की ती बेसला चिकटतात. सध्या त्यांना स्टीलची खूण द्यायची नाही असं ठरलंय. त्यांच्याकडून घ्यायचं ते दुसरं काम: छोटं लीड घेऊन उभं राहायचं, आणि पिचरच्या हातातून चेंडू सुटला की बाजूने दोन उड्या टाकत पुढे सरकायचं, चेंडू बॅटरपाशी पोचेल तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर. चेंडू सुटताच निघायची सवय त्यांना शाळेपासून आहे. त्या दोन उड्या क्रिकेटवाल्यांपेक्षा त्यांच्याच वेळेवर पडतात, आणि ग्राउंडर मारला गेला की दुसऱ्या बेसवर तीच मुलं आधी पोचतात.